काठी ज्याच्या दारात

शहापूर, माघ संपता संपता

तीर्थस्वरूप मामांस,
आदेशचा दोन्ही हात जोडून, जरा जास्तच वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली की तुम्ही आता काठी टेकत गेटपर्यंत जाता, आणि सोसायटीने पार्किंगसाठी गेटजवळचं जांभळाचं झाड पाडल्यापासून हॉलमध्ये उजेडही छान येतो. दोन्ही ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी तेवढा तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलेलो नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, एका संस्थेने मला जंगल राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम दिलंय. (वाचनालयातल्या नोकरीत माणसं बोलतच नाहीत, म्हणून मी लगेच हो म्हटलं.) गेल्या महिन्यात म्हसा गावाच्या पलीकडे एका पाड्यावर सकुबाईंकडे गेलो. बाईंनी सत्तरी ओलांडलीय. तीसेक वर्षांपूर्वी लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा ट्रक त्यांच्या डोंगराखाली आला, तेव्हा त्या आणि आणखी नऊजणी रस्त्यावर भात वाळत घालून शेजारी बसून राहिल्या. अन्नावर चाक घालायला ड्रायव्हर धजावला नाही, ट्रक रिकामा परतला. दोन तास बाई बोलत होत्या आणि मी मशीनची लाल बत्ती पेटलीय की नाही तेवढंच बघत होतो. (संस्थेने शिकवलं होतं की मध्ये फार बोलू नका, नुसती मान हलवा. मान मी उत्तम हलवतो.)

निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडी शेजारच्या रामूच्या अंगणात लावली होती, तिथे त्याच्या दाराला टेकून एक काठी उभी. जुनी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मला वाटलं, पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून बाईंनीच ठेवली असणार. (आधीच्या पाड्यावर मला दुधी मिळाला होता.) गाडीला बांधली आणि आलो.

तिथला नेम असा, की काठी ज्याच्या दारात, डोंगरावर राखणीची पाळी त्याची. पाळी झाली की संध्याकाळी त्याने ती गुपचूप शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. तोंडाने सांगायचं नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही, कारण विचारणं म्हणजे समोरच्याला कामचुकार म्हणणं. सकुबाईंनी काठी रामूकडे पोचवली होती. रामूला ती दिसलीच नाही, म्हणजे आपली पाळी अजून आली नाही असं तो समजला. पुढची घरं वाट बघत राहिली. सोळा दिवस डोंगरावर कुणी फिरकलं नाही. सतराव्या दिवशी पाड्यावरची बाईजा काटक्या आणायला गेली, तर ऐनाची पाच झाडं आणि ट्रक परतवून वाचवलेला तो मोठा बेहडा गेलेला. नुसते बुंधे उरले होते.

दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा हे कळलं. मी जागच्या जागी कबूल केलं, पण जित्याची खोड, वर म्हटलं की काठीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं ना," बाई म्हणाल्या. "तुझ्या डब्यानं आयकलं रे. तू कुठं होतास?"

घरी येऊन लावून बघितलं. अडतिसाव्या मिनिटाला बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलंय, आणि त्यावर माझा आवाज येतो, 'हो का, छान, मग पुढे?' मामा, त्या बायकांनी इतकी वर्षं न बोलता जे राखलं, ते मी त्यांची आठवण जपायला जाऊन घालवलं. फार वाईट वाटतं. संस्थेला ते रेकॉर्डिंग अतिशय आवडलंय, त्याचं तर आणखीच वाईट वाटतं.

मामीला नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
आदेश

ता. क. तुमच्या हातातली काठी म्हशाच्या जत्रेत घासाघीस करून घेतली असं मी सांगितलं होतं. जत्रेत मी फक्त भजी खाल्ली. काठी तीच आहे. कृपा करून परत द्या, रविवारी न्यायला येतो. खाली रबराचं टोपण बसवलं असेल तर काढून ठेवा. तुम्हाला दुसरी आणतो, या खेपेला दुकानातून.

आणखी एक. काठी बदलापूरला माझ्या मामांच्या दारात आहे, हे सकुबाईंना सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मंग मामा जातो ना राखणीला?"

मला तुमच्या गेटजवळचं जांभूळ आठवलं. मी मान हलवली.