अनुदानाच्या यादीआधी संडास

११ जाने., रविवार
चर्चमधून परस्पर सरकारी दवाखान्यात. शांताबाई काल दत्तूतात्यांच्या बागेत डाळिंबं तोडताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचा आजार. दिवसभर पाणीच पीत नाही ही.
शांताबाई हळू आवाजात, "पेलं की जावं लागतं. जायचं कुठं? चौफेर गडीमानसं."
मीही त्याच बागेत कामाला जाते. मीही पीत नाही. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

१३ जाने., मंगळवार
तात्यांना भेटले. बागेत बायांसाठी संडास बांधा म्हटलं. "तुझी सासू बी हितंच राबली. तिला कदी लागला न्हाई संडास."
सासूबाई मूतखड्यानं कशा कण्हायच्या ते मी बघितलंय. पण तशीच निघून आले.

१९ जाने., सोमवार
शेततळ्याच्या अनुदानाची यादी २६ च्या ग्रामसभेत ठरणार. तात्यांचं नाव सगळ्यात वर. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं, शिफारस गाव करतं, मग अट गावानं घातली तर?
चष्मा पुसत म्हणाले, "सदस्य आहात. ठराव मांडा, मी लिहून घेतो."
ग्रा.पं.त निवडून आल्यापासून नुसत्या सह्याच केल्या मी.

२६ जाने., सोमवार
ठराव मंजूर.
ज्याच्या शेतात मजूर बायांना संडास, पिण्याचं पाणी, सावली नाही, त्याची अनुदानाला शिफारस नाही.
झेंडावंदनानंतर बाया घरी गेल्याच नाहीत. पुढंच बसल्या. तात्या म्हणाले, "उद्या मजुराला खुर्ची बी मागाल." मी बोलायच्या आत शांताबाई उभी. "मी तुमच्या झाडाखाली पडले, तात्या. का पडले ते समद्यांम्होरं सांगते."
सांगितलं. सगळं. गडी खाली बघत होते.
मतदानाला पहिला हात वर झाला तो तात्यांच्या बायकोचा.

५ फेब्रु., गुरुवार
तात्यांच्या बागेत पत्र्याचा संडास उभा. मला म्हणाले, "आतून कडी नीट लागती का बघ." लागते. आणखी दोन बागांत खड्डे खणून झाले. तोडणी करताना बाया आज गाणी म्हणत होत्या.

१० फेब्रु., मंगळवार
भाऊसाहेबांबरोबर तालुक्याला, यादी द्यायला. तिथले साहेब म्हणाले, योजनेत अशी अट नाही. म्हटलं, तसं लेखी द्या. तेव्हा म्हणाले, "वर विचारून सांगतो."
बाहेर आले तर फोन. खर्डा गावाकडच्या कुणी ग्रा.पं. सदस्यबाई. ओळख ना पाळख, ठरावाची नक्कल मागत होत्या. स्टँडसमोरच्या दुकानात झेरॉक्स काढल्या. दहा.