वेबसाइटला लावलेला लाल टॅग

सेक्टर २, भिलाई
गुरुवार

आदरणीय बेबीताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे नरेशचा, वाकून जयभीम. श्यामराव भाऊजींनाही माझा जयभीम सांगावा. ते घेतील की नाही हे माहीत नाही, पण तू सांगून ठेव. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? अंगणातल्या लिंबाला यंदा लिंबं धरली का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. तुझी भावजय शालूही मजेत आहे. (माझ्याशी बोलत नाही, बाकी मजेत आहे.)

तू म्हणशील, आमचं मोहन नगर काही विलायतेत नाही, स्कूटर काढली की नरेश चहाच्या वेळेला दारात येतो, मग हे पत्र कशाला? ताई, तोंड दाखवायची हिंमत नाही. फोन करावा, तर तुम्ही तिघांनीही माझा नंबर ब्लॉक केला आहे. त्याबद्दल तक्रार नाही, कारण नंबर ब्लॉक कसा करतात हे बुद्ध पौर्णिमेला विहारात मीच सगळ्यांना शिकवलं होतं. ‘ऑनलाइन फसवणुकीपासून सावधान’ असा माझा विषय होता. ज्याच्यापासून घराला धोका आहे असा नंबर ताबडतोब ब्लॉक करा, असं मी माइकवर म्हटलं आणि टाळ्या पडल्या. माझं ऐकून तसं वागणारं आख्ख्या समाजात एकच घर निघालं, ते तुझं.

घडलं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. मंडळातल्या सिंधुताईने सांगितलं असेल तर तिखटमीठ लावून सांगितलं असेल. (खरं म्हणजे या प्रकरणाला तिखटमीठ लावायला जागाच उरलेली नाही.) म्हणून आता मूळ आरोपीकडून ऐक.

आपल्या मंडळाची वधू-वरांची वेबसाइट तुझ्या संघमित्राने बनवली हे तुला माहीत आहेच. पोरीने ती छान बनवली होती. पांढरी पार्श्वभूमी, ठसठशीत अक्षर, फोनवर उघडली तरी कुठे कापली जात नसे. मुलींचे फोन नंबर कोणालाच दिसत नसत. ज्याला स्थळ पसंत पडेल त्याने मंडळाला लिहायचं आणि मंडळाने मुलीच्या घरी विचारायचं. पण मी पडलो स्टील प्लांटचा माणूस. उभा जन्म सेफ्टीच्या पाट्या वाचण्यात आणि लावण्यात गेला. मला ती साइट फार फिकट वाटली. मग अध्यक्ष या नात्याने मी तिला चारही बाजूंनी काळे-पिवळे पट्टे मारायला लावले, मथळा लाल करून पळता ठेवला आणि ‘स्वागत आहे’ हे शब्द उघडझाप करते केले. संघमित्राने समजावून पाहिलं. ती म्हणाली, साइट बघणाऱ्या निम्म्या तर आज्या आहेत, त्यांचा चष्मा सापडेपर्यंत तुमची अक्षरं पळून जातात. मी म्हटलं, आपल्या आज्या काही हळू नाहीत.

या सगळ्याच्या वर, अगदी माथ्यावर, जिथे साइटचा पत्ता लिहिलेला असतो तिथे, एके दिवशी बारीक अक्षरात दोन शब्द दिसले: ‘सुरक्षित नाही’. ताई, मला झोंबलं ते तिथे. ज्याने प्लांटमध्ये हजारो माणसांना हेल्मेटचा पट्टा बांधायला लावला, त्याचीच साइट सुरक्षित नाही? मी संघमित्राला बोलावलं. ती म्हणाली, साइटचं सर्टिफिकेट संपलंय, होस्टिंगवाल्यांनी त्याचे मेल तुम्हालाच पाठवले होते. (होस्टिंग म्हणजे काय हे तिने मला क्वार्टरच्या भाषेत सांगितलं होतं. पाटीवर नाव आपलं, पण क्वार्टर कंपनीचं. आपली साइट ज्यांच्या कॉम्प्युटरवर राहते ते होस्टिंगवाले.) आता ते मेल मी फसवणूक समजून एकूण एक पुसून टाकले होते, आणि पुसल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली होती. ती एवढंच म्हणाली, “मामा, बी.एड.चा पेपर होऊ द्या, मंग मीच पाहून घेईन. तोवर कोणालेच काही देऊ नोका.” हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं आहे. तेव्हा आठवलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दोन दिवसांनी, दुपारी जेवून लवंडलो होतो, तेव्हा फोन आला. “सर, मेंटेनेंस से कुमार बोल रहा हूँ। सेफ्टी सर्टिफिकेट के लिए आपकी साइट का शटडाउन लेना है। परमिशन मिलेगी?”

ताई, भाऊजी प्लांटच्या कोक ओव्हन विभागातले, त्यांना विचार शटडाउन म्हणजे काय ते. मशीन दुरुस्तीला घ्यायची तर दुरुस्तीवाला आधी येऊन परवानगी मागतो. आपण मशीन बंद करतो, सगळ्यांच्या चाव्या काढून घेतो, मशीन त्याच्या ताब्यात देतो. मग तो स्विचवर स्वतःच्या नावाचा लाल टॅग लावतो. ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा. मॅनेजर आला तरी त्याला हात लावायची मुभा नाही, कारण आत माणूस असतो. या नियमाने माझ्या डोळ्यांदेखत जीव वाचले आहेत. आणि रिटायर झाल्यापासून एकाही माणसाने माझी कसलीच परवानगी मागितली नव्हती. भाजी कोणती करू, हेसुद्धा शालू विचारत नाही. मी उठून बसलो आणि शर्ट घातला.

मी काही भोळेपणाने चावी दिली असं समजू नको. मी कडक चौकशी केली. परमिट नंबर विचारला, त्याने तिथल्या तिथे एवढा लांब नंबर सांगितला की मला तो लिहून घ्यायला तीनदा ऐकावा लागला. एवढा लांब नंबर खोटा कसा असेल, असं मला वाटलं. कामावर माणसं किती, विचारलं. म्हणाला तीन. तिघांनी सेफ्टी शूज घातले आहेत का, विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “जी सर, तीनों ने पहने हैं।” माझं समाधान झालं. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या चाव्या काढायच्या म्हणून, त्याने सांगितलं तसं करत मी संघमित्राचं नाव साइटवरून काढून टाकलं. त्यानंतर माझा पासवर्ड दिला. फोनवर आलेला ओटीपीही दिला. (ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका, असं मी बुद्ध पौर्णिमेला म्हटलं होतं. पण ते बँकेबद्दल होतं, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं.) आणि शेवटी विहाराच्या ऑफिसात जाऊन, प्लांटमधून आठवण म्हणून आणलेला ‘आदमी काम पर हैं, चालू न करें’ हा टॅग कॉम्प्युटरच्या पडद्याला लटकवला. त्यावर माझ्या हाताने नाव लिहिलं, कुमारसाहेब. ते बिचारे लांबून काम करत होते ना, त्यांना येऊन लावणं कसं जमणार?

संध्याकाळपर्यंत साइटवर पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती आल्या. एका बाजूला वजन कमी करायचं चूर्ण आणि वर उघडझाप करणारी तांबडी-पिवळी अक्षरं. ताई, लाज वाटते सांगायला, पण निम्म्या लोकांना ते मीच केलं आहे असं वाटलं. चंपतकाकांनी तर मुद्दाम फोन करून सांगितलं की नरेश, या बारीला रंग बरा जमला. मी त्यांना म्हटलं, काम चालू आहे, अजून खुलेल.

त्यानंतरच्या रविवारच्या मीटिंगचं तुला भाऊजींनी सांगितलं असेल. ते दुसऱ्या ओळीत बसले होते. संघमित्रा पेपर संपवून धावत आली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, “मामा, साइट हॅक झाली. माझं लॉगिन बी गेलं. अभी के अभी होस्टिंगवाल्यांना फोन लावा, पोरींचे नंबर आहेत त्याच्यात.” इथे तरी माझे डोळे उघडायला हवे होते. पण टॅग लटकलेला, आत माणसं कामावर, आणि ही पोरगी स्विचला हात घाल म्हणते! मला राग आला. मी म्हटलं, “काम सुरू हाय तिथं, कुमारसाहेब टॅग काढत नाही तोवर कोणीच हात लावाचा नाही.” ती पुन्हा बोलायला लागली, तेव्हा मी जे बोललो ते तुला कळलं असेलच, तरी लिहितो. मी म्हटलं, “एवढी हुशार हायेस तं त्याच साइटवर तुयाच फोटो इतके दिवस कावून लटकून राहिला?”

ताई, पोरीने पर्सची चेन लावली आणि निघून गेली. भाऊजी उठले, माझ्याकडे न बघता तिच्या मागे गेले. मी पुढचा विषय पुकारला, पाण्याची टाकी. मला माझी किळस येते.

कुमारसाहेबांचा फोन अर्थातच बंद झाला. तरी मी वाट बघत राहिलो, म्हणजे चोर येऊन टॅग काढेल याची वाट बघत राहिलो. मग मुलींना फोन यायला लागले. कोणी कर्ज देतो म्हणे, कोणी बक्षीस लागलं म्हणे, कोणी त्याहून घाणेरडं बोले. पोरींनी नंबर बदलले. संघमित्रानेही बदलला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी परमिट नंबर विचारला, बूट विचारले, पण तू कोण आणि तुझा गेट पास कुठे, हे विचारलंच नाही. पासाशिवाय मी स्वतः एक दिवस प्लांटच्या आत गेलो नाही, आणि समाजाच्या मुलींच्या घरात एका परक्याला घालून दिलं.

मग मी घरोघर गेलो. जिचा जिचा नंबर त्या साइटवर होता तिच्या आईबापांना, चोर माझ्या हाताने आत आला, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बहुतेकांनी चहा दिला, तो पिणं फार जड गेलं. सिंधुताईने दार अर्धंच उघडलं, ते त्यामानाने सोपं गेलं. तुझं घर तेवढं राहिलं आहे. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो.

आता एक गोष्ट जी तुला माहीत नाही. डोंगरगडचा प्रफुल, रेल्वेतला, ज्याला संघमित्राचं आणि संघमित्राला ज्याचं स्थळ मनापासून पसंत होतं, त्याच्या घरून बोलणं थांबलं म्हणून तुम्ही समजत असाल की साइटवरचा तमाशा बघून त्यांनी नकार दिला. तसं नाही. ते बिचारे जुन्या नंबरावर फोन करत होते, तो बंद. त्यांना वाटलं, नकार तुमचाच. काल त्याच्या वडिलांनी माझा नंबर शोधून काढून विचारलं. मी म्हटलं, नकार नाही हो, नकार नाही. ते येत्या रविवारी प्रफुलला घेऊन विहारात मीटिंगलाच येत आहेत.

म्हणून ताई, तुझ्यापुढे पदर पसरतो. (माझ्याकडे पदर नाही, टॉवेल पसरतो.) हे पत्र संघमित्राला वाचून दाखव. मामाने माफी मागितली, विषय संपला, असं आपलं घरातल्या घरात होऊन जाऊ दे. रविवारी पाहुण्यांसमोर तो विषय नको. मुलीचा मामा असला बावळट, हे त्यांना आधीच कळलं तर पोरीचंच नुकसान, असा माझा विचार आहे. माझ्या इभ्रतीचा प्रश्न नाही. थोडा आहे.

तुझा धाकटा भाऊ,
नरेश

ता. क. : लिहायचं राहिलं. होस्टिंगवाल्यांशी बोललो. त्यांनी साइट चोराकडून काढून घेतली आहे, पण आत सगळं पुसलेलं आहे. जुनी साइट आता फक्त संघमित्राच्या पेनड्राइव्हमध्ये आहे, असं कळतं. मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा जवळ आला आहे. रविवारी येताना तिने पेनड्राइव्ह आणला तर फार बरं होईल. काळे-पिवळे पट्टे नसलेली साइट असली तरी चालेल.

ता. क. २ : हा मजकूर पाकिटात घालण्याआधी शालूने वाचला. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, “पेनड्राइव्हसाठी एवढं मोठं पत्र? आन् घरातल्या घरात कावून? पोरीले बोलले चारचौघात. तुमीच सांगता नं जगाले, ज्यानं टॅग लावला त्यानंच काढाचा, जिथं लावला तिथंच. मंग?” मी म्हटलं, पण प्रफुलचे वडील असतील. ती म्हणाली, “असू द्या. त्यांच्या समोरच काढा.” आणि पोळ्या लाटायला गेली.

ता. क. ३ : ताई, वर मधे लिहिलेलं ‘घरातल्या घरात’ खोडलेलं समज. रविवारी मी उभा राहीन. डोंगरगडच्या पाहुण्यांसमोर, चंपतकाकांसमोर, सिंधुताईसमोर, त्या दिवशी जे वाक्य बोललो ते आधी जसंच्या तसं बोलून दाखवीन, म्हणजे कोणी ऐकलं नसेल त्यालाही कळेल, आणि मग ते परत घेईन. माझा नंबर ब्लॉकच राहू दे. संघमित्राला म्हणावं, पेनड्राइव्ह नाही आणला तरी चालेल बाई, तू फक्त ये.