झाकायची सोय

४ मे
नदीकाठच्या आमच्या वस्तीचा इतिहास इंटरनेटवर चढवायचाय. सनावळीच, पण बोट लावलं की उघडणारी — फोटो, आवाज, सगळं. जुलैत आम्हा आदिवासींचा उत्सवाचा सप्ताह असतो, त्यात हॉलच्या पडद्यावर दाखवायची. ग्रंथालयात बसते ना मी, म्हणून समितीनं काम माझ्याच गळ्यात घातलं! दोन साधनं शोधून ठेवलीत. एक देखणं, एक निव्वळ तक्ता.

७ मे
दिवसभर देखण्यावर. फोटो झुलत पुढे येतात, मागे नकाशा सरकतो. माझा चुलतभाऊ ट्रेंट बघताक्षणी प्रेमात पडला.

पण याला पक्की तारीख लागते. आमच्याकडे तारीख म्हणजे 'नदी गुत्त्यात शिरली ते साल'. दिवस-महिना सोडला की हे आपलं आपणच एक जानेवारी भरतं. मिशनवाल्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना एक जुलै हा वाढदिवस वाटला होता, यानं एक जानेवारी वाटला! हसून हसून पोट दुखलं.

८ मे
तारखा दडवू, पण घेऊ हेच — ट्रेंट अडून बसलाय. मीही विरघळले. इतकं छान दिसतं!

१२ मे
फोटोंशिवाय सगळं फोल, आणि फोटो आहेत मर्ल मावशीच्या बिस्किटांच्या डब्यात. वस्तीतल्या सगळ्यांचीच ती मावशी. चहाला गेले. डबा तिच्या मांडीवर, हात झाकणावर. देखणं दाखवलं, तिला आवडलंही. मग म्हणाली, "मी गेले की मला झाकणार कसं?"

आमच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, घरचे हो म्हणेपर्यंत. हे काय मला कुणी शिकवायला हवं? तरी चकचकाटात विसरले. फार लाज वाटली. शोधून पाहिलं — एकदा चढवलेला फोटो काढायला कंपनीला लिहावं लागतं. उत्तर तीन दिवसांत.

"तीन दिवस मी उघडी बसू होय?"

डबा परत कपाटावर गेला.

१३ मे
तक्ता. दिसायला अगदीच बेंगरूळ. पण तारखेच्या रकान्यात काहीही लिहा, चालतं. आणि प्रत्येक ओळीपुढे 'दडवा' अशी चौकट. खूण केली की फोटो, नाव, आवाज एकदम गायब. घड्याळ लावून पाहिलं. चार सेकंद!

१५ मे
मावशीनं स्वतः करून पाहिलं. स्वतःचाच फोटो दडव, उघड, दडव — अकरा वेळा. "बघ, गेले! बघ, आले!" ट्रेंटसुद्धा हसला. शेवटी डबा माझ्या हातात दिला.

"खूण तू करायचीस हं. या ट्रेंटचा चहाच संपायचा नाही."

एकेचाळीस फोटो. आज फार बरं वाटतंय.

११ जुलै
हॉल गच्च भरला. मावशी पहिल्या रांगेत, नवा लाल स्कार्फ. 'नदी गुत्त्यात शिरली ते साल' पडद्यावर आलं नि म्हातारी मंडळी टाळ्या पिटायला लागली. बेंगरूळपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ट्रेंटनं जॅम लावलेल्या पावाचे चार तुकडे हाणले आणि म्हणाला, मी आधीच सांगत होतो, तक्ताच घे. लबाड!

२ ऑगस्ट
सकाळी तिच्या लेकीचा फोन आला. खूण मीच केली. चार सेकंदही लागले नाहीत.

या वहीत मागे तिचं नाव आहे. ती पानं टाचणीनं एकमेकांना लावून टाकली. लेक सांगेल तेव्हा सोडवीन.