पियानोवालीवरनं ओवाळलेली नोट

३ डिसें.
परत तेच. दादा बोलतो, तू येऊन काय करणार, तिकिटाचे पैसे इकडे पाठव, पिंकीच्या हळदीला वांगणीची बेंजो पार्टी सांगतो. अरे पण सख्ख्या बहिणीची हळद! आमच्या सोनिवलीत अख्ख्या गावाच्या हळदीला पार्टीतला कॅसिओ मीच वाजवला ना? मग घरच्या हळदीला भाड्याचा माणूस? तर बोलतो, "मस्कतला थिएटरात खुर्च्या लावून लावून बोटं शिल्लक हायत का तुझी?"
फोन कापला. मी.

५ डिसें.
खानसाहेब, आमचे सुपरवायझर, बोलले परवाचा प्रोग्राम नीट झाला की रजा. परदेशी पार्टी, ऐंशीएक वाजवणारे. खुर्च्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. पियानो सहा जणांनी ढकलला. माझ्या जोडीचा जोबी, त्याने प्रोग्रामचा कागद वाचला: रोमँटिक जमान्याचं म्युझिक. मी बोललो, मग गाणार कोण? "कोई नहीं गाता, भाई. डेढ़ सौ साल पुराना है."

६ डिसें.
रिहर्सल. पियानोवाली बारीकशी, आईच्या वयाची. ती हळू वाजवते तेव्हा सगळी पार्टी गप तिच्याकडे बघते. आपल्याकडे हळू वाजवलं की पब्लिक ओरडतं, "झोपला काय रे!"
तिच्याबरोबर माझी बोटं पँटवर चालत होती. दोन ठिकाणी अडकली. दादा बोलतो ते…

७ डिसें.
वाट लागली.
विंगेत उभा होतो. शेवटाला ती एकटी एका बाजूला, सगळी पार्टी दुसऱ्या बाजूला, आणि भारी पडली तीच. अंगावर काटा. टाळ्या थांबेनात. ती आत आली, घामाने भिजलेली. मी खिशातनं रियालची नोट काढली, तिच्या डोक्यावरनं ओवाळली, पुढे धरली. हळदीत चांगल्या वाजवणाऱ्याला करतात तेच. हातच गेला.
तिला वाटलं सही पायजे. नोटेवर सही केली, हसून परत दिली. ओवाळलेली नोट कोण परत घेतो? मी घेईना, ती सोडेना.
खानसाहेबांनी बघितलं. "पागल है? आर्टिस्ट के सर पे हाथ घुमाता है? भिखारी समझा उसको?"
बोललो, हमारे में ये इज्जत है.
"कल से गोदाम."
रजा?
"बाद में."

९ डिसें.
गोदाम. जोबी बोलतो माफी माग. कशाची पण? शिवी दिली काय तिला?
खानसाहेबांना रजेचं विचारलं. "बाद में."

११ डिसें.
पिंकीचा फोन, दादाच्या चोरून. "भाऊ, तू ये ना. बेंजो पार्टी नसली तरी चालंल." वर हसली, "कॅसिओ चुकीचा वाजव, पण ये."
मागनं दादाचा मेसेज. पार्टीवाले वीस हजार बोलले, उद्या सांगायचंय, तू शेवटचं सांग.
खानसाहेबांकडे गेलो. माफी मागितली. तोंडानं, मनातनं नाय. "देखते हैं," बोलले. म्हणजे हो का नाय, देव जाणे.
दादाला लिहिलं, पार्टी सांग, पण त्यांचा कॅसिओवाला नको. त्याचे तीन हजार कापून पाठवतोय. सतरा हजार.