शेंदराखालचा नंबर

मी, वैजनाथ गुरुलिंग पांचाळ, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा मोटार मिस्त्री, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके शाबूत असणे आणि थंड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. वकील लावलेला नाही. वकिलांचे आणि माझे काय आहे ते पुढे येईलच. अक्षर माझे आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. याआधीचे २०१९ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझा मुलगा शिवशंकर याने टाईप करून आणले होते आणि मी चष्म्याशिवाय त्यावर सही केली होती.

१. मार्केट यार्डाच्या रस्त्यावरचे माझे तीन खोल्यांचे घर, मागच्या बोअरसह, मुलगी तनुजा हिला द्यावे. ती लातूरला शिक्षिका आहे, तिला घराची गरज नाही, हे मला कोणी समजावून सांगू नये. एकोणीस वर्षांची असताना रेणापूरच्या चांगल्या घरातले तिचे जमलेले लग्न माझ्यामुळे मोडले. सुपारी फुटली होती. "चोराघरची मुलगी नको," असा निरोप आला, तोही परस्पर. पुढे तिचे लग्न झाले, संसार चांगला झाला, पण तो निरोप तिने उभ्याने ऐकला होता. त्याची भरपाई घराने होत नाही. तरी घर तिचे.

२. माझी पत्नी कै. पारूबाई हिच्या पाटल्या सून उज्वला हिला द्याव्यात. पारूच्या शेवटच्या आजारात सहा महिने उज्वलाने हूं की चूं न करता सगळे केले. पाटल्या उज्वलाच्या आहेत, तिच्या नवऱ्याच्या नाहीत, आणि त्या गहाण ठेवायला त्याने मागितल्या तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते शिवशंकर आणि तनुजा यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

३. गॅरेजमधली सगळी हत्यारे धम्मानंदला. धम्मानंदचे लेथ मशीन माझ्या गॅरेजला लागून आहे आणि चौतीस वर्षांत त्याने मला एकदाही माप चुकवून दिलेले नाही. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचे कामही त्याच्याकडेच राहील. पान्यांच्या सेटमध्ये चौदाचा रिंग पाना नाही. तो बसस्टँडसमोरच्या पंक्चरवाल्याने २००८ साली "आत्ता आणून देतो" म्हणून नेला आहे. माझ्या मयतीला तो आला तर त्याला आधी पाना विचारावा.

४. आता गाडी.

गाडी म्हणजे १९६४ सालची फियाट, रंग मूळचा राखाडी. नांदेडचे वकील कै. रेणुकादास कंधारकर यांच्या वडिलांनी ती कोरी घेतली होती. १९७४ पासून ती माझ्या हाताखाली होती. तेव्हा माझे गॅरेज नांदेडला होते आणि मी चोवीस वर्षांचा होतो. सतरा वर्षे त्या गाडीचा एक नट दुसऱ्या कोणी फिरवला नाही.

१९९१ साली वकीलसाहेबांनी गाडी विकायला काढली. हैदराबादचा एक शौकीन घेणार होता, पण त्याला सगळे मूळचे पाहिजे होते. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. त्याचा माणूस तपासायला आला. त्याने बॉनेट उघडले, ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून वाचला आणि तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळला नाही. शेवटचे दोन आकडे वेगळे निघाले. मला बोलावणे आले. अंगणात खुर्च्या टाकून कोर्टातली पाच-सहा मंडळी चहा पीत बसली होती. हैदराबादचा माणूस निघाला होता; गिअरबॉक्सही नंतरचा दिसतोय, असे तो जाता जाता म्हणाला. त्या सगळ्यांसमोर वकीलसाहेब म्हणाले, "वैजनाथ, माझं इंजिन कुठं विकलंस?"

मी म्हणालो, "साहेब, पाच मिनिटं द्या आन् रॉकेलचा एक बोळा द्या."

"गाडीला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले.

जन्मभर साक्षीपुरावे तपासणाऱ्या माणसाने मला पाच मिनिटे दिली नाहीत. खुन्याला तारीख मिळते. मला रॉकेल मिळाले नाही. साहेबांनी फिर्याद केली नाही आणि लोक म्हणाले, बघा केवढे मोठे मन. त्या मोठ्या मनानेच माझा घात केला. फिर्याद झाली असती तर कोर्टाने नंबर धुऊन बघितला असता. आठ महिन्यांत माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक येईनासे झाले. मी शटर ओढले आणि बायको-मुले घेऊन अहमदपूरला आलो. इथेही नाव माझ्याआधी पोचले होते. "इंजिनचोर मिस्त्री" हे मी बसस्टँडवर माझ्या कानांनी ऐकले आहे.

५. नंबर का जुळला नाही ते लिहून ठेवतो.

साहेबांच्या मातोश्री मोठ्या भाविक होत्या. दर खंडेनवमीला त्या मोटारीची पूजा करायच्या. बाहेरून हार घालून त्यांचे समाधान व्हायचे नाही. बॉनेट उघडायला लावून त्या इंजिनलाही तेलात कालवलेला शेंदूर लावायच्या, मारुतीला लावतात तसा. इंजिनावर सपाट, हात टेकवता येईल अशी जागा एकच, आणि तीच नेमकी नंबराची. वीसेक वर्षे थरावर थर चढला. तेलातला शेंदूर वाळला की दगड होतो. आकड्यांच्या खाचा बुजल्या, वरून खरवडणाऱ्याला तिथे भलतेच आकडे दिसले. मी मिस्त्री असून तो थर कधी काढला नाही. देवाचा शेंदूर कोण खरवडणार? ही चूक माझी, मान्य आहे. पण चुकीला चोरी म्हणत नाहीत.

गाडी विकली गेली नाही. साहेबांच्या भोकरच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये ती एकतीस वर्षे उभी राहिली. २०१२ साली साहेब वारले. मी मयतीला गेलो नाही.

२०२२ साली त्यांची मुलगी देविका हिचा फोन आला. ती नांदेडला बँकेत आहे. शेत विकायचे होते, शेड रिकामे करायचे होते. ती म्हणाली, "काका, गाडी भंगारात देण्याच्या आधी एकदा येऊन बघून जाता का?" तिचा भाऊ अंबरीश पुण्याहून फोनवर तिला सांगत होता की त्या माणसाला परत गाडीजवळ जाऊ देऊ नकोस. हे तिने माझ्यापासून लपवले नाही. मी गेलो. रॉकेल घरून घेऊन गेलो. बोळा भिजवून ठेवला, मग पितळी ब्रश मारला. माझे डोळे आता तितके चालत नाहीत, म्हणून देविकाताईंनी बॅटरी धरून आकडे वाचले आणि आरसी बुकाशी ताडून बघितले. सगळे आकडे जुळले. त्यांनी दुसऱ्यांदा वाचले. मी शेडच्या बाहेर जाऊन बसलो. मला आनंद झाला नाही, मला संताप आला. एकतीस वर्षे आणि एक बोळा.

पुढे कोणी शंका काढील म्हणून सांगतो. नंबराखालची जागा कानशीने घासलेली नाही, तिथे ओतकामाचा मूळचा खरबरीतपणा बोटाला लागतो. नव्याने ठोकलेल्या आकड्यांच्या कडा वर आलेल्या असतात, या आकड्यांच्या नाहीत. ब्लॉकवर ओतकामाची तारीख आहे, ती गाडीच्या आधी चार महिने. इंजिन मूळचे आहे. ज्याला बघायचे त्याने यावे, धम्मानंद दाखवील.

६. त्यानंतर पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांच्या पत्नी विनीताबाई अहमदपूरला माझ्या घरी आल्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघ्यांचा त्रास, तरी एस.टी.ने आल्या. माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "आमच्या घराने तुम्हाला चोर म्हटलं. ह्यांच्या वतीने मी माफी मागते." मी त्यांना खाली वाकू दिले नाही, एवढेच. आई आणि मुलीने मिळून गाडी माझ्या नावावर करून दिली. मी ती घेतली. विनीताबाई मागच्या वर्षी वारल्या.

७. शिवशंकर लातूरला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. त्याने या फियाटला पुण्याचा एक शौकीन शोधला आहे. त्या शौकिनाला गाडी पन्नास वर्षे ओळखणाऱ्या मिस्त्रीचे लेखी प्रमाणपत्र पाहिजे, की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मूळचे आहेत. शिवशंकर तो कागद तयार करूनच घेऊन आला. मी सही करणार नाही म्हणालो.

तो म्हणाला, "बाबा, गिअरबॉक्सचा नंबर आरसीत नसतो. कोण उघडून बघणार हाय?"

मी म्हणालो, "म्या बघितलंय की."

मी कागद फाडला. तेव्हापासून तो आलेला नाही. त्याने खुशाल येऊ नये.

८. हे कलम तीनदा लिहून फाडले आहे.

१९७९ साली वकीलसाहेबांच्या बहिणीचे लग्न लातूरला होते. वराला मिरवायला ही गाडी सजणार होती. लग्नाच्या दोन दिवस आधी रेणापूरच्या अलीकडे गिअर अडकले. लातूरला एका ओळखीच्या गॅरेजात मी खोलून बघितले तर आतले दात गेलेले आणि वरचे ओतीव कवच तडकलेले. दुरुस्त होण्यासारखे नव्हते. त्याच गॅरेजच्या मागे झाडावर आदळलेली एक फियाट पडून होती. मालकाला विचारून तिचा गिअरबॉक्स काढला आणि या गाडीला बसवला. गाडी चौसष्टची, त्या कवचावर ओतकामाचे साल अडुसष्ट. आजही खाली झोपून बघितले तर दिसते.

यात वाईट काही नव्हते. वाईट पुढे आहे. साहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, दात भरून तोच दुरुस्त केला. तडकलेला गिअरबॉक्स दीड दिवसात दुरुस्त करणारा मिस्त्री. साहेबांनी लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर मला फेटा बांधला आणि असा कारागीर हैदराबादेतही मिळणार नाही म्हणाले. तो फेटा मला चढला. खरे सांगायला दुसरा दिवस होता, पुढची बारा वर्षे होती. जुना गिअरबॉक्स मी भंगारात टाकून मोकळा झालो.

विसरलो होतो असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. विसरलो नव्हतो. १९९१ साली त्या अंगणात हैदराबादच्या माणसाने गिअरबॉक्सचे नाव काढले तेव्हा तो खरे बोलतोय हे मला माहीत होते. म्हणून मी फक्त इंजिनासाठी रॉकेल मागितले. साहेबांनी पाच मिनिटे दिली असती, तर सहाव्या मिनिटाला ते गिअरबॉक्सविषयी विचारणार होते. मी एवढी वर्षे सगळ्यांवर जळलो. निम्मा जाळ माझ्याच घरचा होता. चोर नव्हतो मी. पण खोटा होतो, आणि ते त्या अंगणात हैदराबादच्या माणसाला तरी बरोबर दिसले होते.

आणि विनीताबाईंनी हात जोडले तेव्हा मी गप्प राहिलो. ऐंशी वर्षांची बाई एस.टी.ने आली, मी पूर्ण माफी घेतली, वर गाडीही घेतली. गाडी परत करता येईल. तो नमस्कार कोणाला परत करू? यावरून मला साहेबांपेक्षा जास्त राग माझाच येतो, आणि हा राग घेऊनच मी मरणार आहे.

९. म्हणून फियाट गाडी देविका रेणुकादास कंधारकर यांना परत द्यावी. त्यांनी नाकारली तर तनुजाला. शिवशंकरला कोणत्याही परिस्थितीत नाही. गाडी कोणाकडेही जावो, बॉनेटखाली पत्र्याची पाटी रिवेट मारून बसवावी. मजकूर: "इंजिन मूळचे. गिअरबॉक्स १९७९ साली बदलला व मालकाशी खोटे बोललो. वैजनाथ मिस्त्री." पाटी धम्मानंदने करून ठेवली आहे. ती काढणाऱ्याने माझे नाव घेऊन गाडी विकू नये.

१०. साक्षीदारांबाबत. पहिले साक्षीदार डॉक्टर वीरण्णा. दुसरे कोणी मिळाले नव्हते. आज सकाळी देविकाताईंना बोलावून घेतले, कारण कलम आठ त्यांनी माझ्या मेल्यानंतर वाचावे हे मला बरे वाटले नाही. त्यांनी सगळे वाचले. मग म्हणाल्या, "काका, इंजिनाचा नंबर जुळला त्या दिवसापासून मी बाबांच्या फोटोला हार घातलेला नाही."

त्यांनी दुसरे साक्षीदार कोण, असे विचारले. डॉक्टरांनी कायदा सांगितला की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केली तर गाडी जाईल. त्या समोर बसल्या आहेत. मी हे लिहून संपवतो आणि पेन टेबलावर ठेवतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, खरा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

स्थळ: अहमदपूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही)
वैजनाथ गुरुलिंग पांचाळ

साक्षीदार:

१. (सही) डॉ. वीरण्णा हुडगे, अहमदपूर. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) देविका रेणुकादास कंधारकर, नांदेड. माझ्यासमोर सही केली. पूर्ण वाचले आहे. गाडी नको. आईचा नमस्कार परत नको. घरी जाऊन बाबांना हार घालते.