वेल्डरची बायको आधी आली

प्रिय राणी,

तुला, आईला आणि छकुलीला प्रभूमध्ये सलाम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

माझ्या खोलीतल्या वेल्डरची बायको आणि मुलगा काल आले. त्या वेल्डरला प्रार्थना करायला मीच शिकवलं. देव विश्वासू आहे, दिलेला शब्द पाळतो, हे बायबलमधून मीच वाचून दाखवलं. त्याच्या कुटुंबाचे व्हिसाचे कागद चार महिन्यांत झाले, आपले तीन वर्षांपासून अडकलेत.

विमानतळावर त्यांच्या बॅगा मी उचलल्या. तो म्हणाला, "तू म्हणायचास तसंच झालं बघ." मी हसलो, पण आतून नुसता जळत होतो.

खोलीवर येऊन देवाला सरळ सांगितलं, "मला त्याचा हेवा वाटतो. आम्हाला एकत्र आणशील, असा शब्द मलाही दिला होतास." बोलताना माझ्याच लक्षात आलं, देव शब्द मोडेल असं वाटत असतं तर मी देवाशी भांडलोच नसतो.

हेवा अजून गेलेला नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तरी छकुलीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून पाठव. इथे थंडी फार असते. छकुली विमानातून उतरेल तेव्हा बूट माझ्या हातात हवेत.

तुमची वाट पाहणारा,
छकुलीचा बाबा