दोन बोटं पाणी

४ मार्च, दुपारी ३

नव्या वहीचं पहिलं पान. आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली, मग पुढचं.

इंजिन: खोकला आहे, पण सुका. उतरेल. शीड: काठाला वीतभर उसवलंय, हिने पडद्यांच्या मशीनवर शिवलेलं, तेव्हा टाका हिच्याकडेच. पंप: आवाज करतो, पाणी काढत नाही. म्हणजे उमेद आहे. नांगर: ठणठणीत. मोबाइल: माझा काल समुद्रात गेला, हिचा चालू. ही: बरी असावी, बोलत नाहीये. मी: ठीक. एकदम ठीक.

प्रवासाचा बेत असा. काल बंदर सोडलं. किनाऱ्या-किनाऱ्याने पाच दिवस, रोज रात्री एखाद्या खाडीत मुक्काम, आणि आठ तारखेला धाकटीच्या गावच्या धक्क्यावर शिडाने हजर. डॉक्टरांनी तिला चोवीस तारीख दिली आहे. हिला बाळाच्या आधी तिथे पोचायचंय. मी शब्द दिलाय, आणि वर सोळा दिवस हातात राखलेत. नियोजन म्हणतात ते हे.

आज बाहेर लाटा मध्यम. सकाळचं ऑम्लेट बाधल्यामुळे तीन तास मी केबिनमध्ये आडवं होऊन देखरेख केली, सुकाणू हिच्याकडे. मग एक सुरेख खाडी दिसली. म्हणजे हिला दिसली, मी आत घे म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो, कारण वारा होता. एक वाजता भर भरतीला तोंडावरच्या वाळूवरून अल्लद आत आलो. विश्रांतीचा मुक्काम. उद्या पुढे.

५ मार्च, सकाळी ६:१०

पहाटे पाणी गेलं आणि बोट चिखलात बसली. नुसती बसली नाही, उजव्या कुशीवर लवंडली. टेबलावर चहाचा कप ठेवला की तो आपणहून हिच्याकडे सरकत जातो. ही म्हणाली, निदान तो तरी विचारतोय.

दुपारी २

भरतीच्या वेळी इथला होडीवाला येऊन गेला. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं ने-आण करतो. माझ्याच वयाचा. मला कॅप्टनसाहेब म्हणतो, हिला वहिनी. त्याने काठी बुडवून पाणी मोजलं आणि सांगितलं, की परवा पौर्णिमा झाली, तिचं उधाण होतं, वर समुद्राकडून वारा, म्हणून तुम्ही वाळूवरून आत आलात. आता तसं पाणी अमावास्येला, म्हणजे एकोणीस तारखेला. तेव्हाही दोन बोटं कमीच पडेल. मग करायचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, कॅप्टनसाहेब, हे यायच्या आधी विचारतात.

माझं नौकानयनाचं पुस्तक जुन्या बाजारातलं आहे. शेवटची चाळीस पानं नाहीत. भरती-ओहोटी बहुतेक तिथे असावी.

तरी काळजीचं कारण नाही. मी तीस वर्षं लिफ्ट-मेकॅनिक होतो. अडकलेल्यांना सोडवण्यातच केस पांढरे झालेत.

६ मार्च, सकाळी

संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) रोज एक नवी गाठ शिकणे. ३) पंप उघडणे. ४) चिडायचं नाही.

दुपारी: उठलो आठला. गाठ शिकलो, आता सुटत नाही. हिने कात्रीने माझा अंगठा मोकळा केला. पंप उद्या.

दिवसातून दोनदा, भरतीच्या आगेमागे, आमची वल्ह्याची छोटी होडी काठाला जाऊ शकते. बाकी सगळा वेळ चारी बाजूंना गुडघाभर चिखल. केबिन सात फूट बाय सहा. छत माझ्या उंचीपेक्षा तीन बोटं खाली.

काठावर बसथांबा आहे. धाकटीच्या गावाला रोज दीडची एकच बस, दोन तास चाळीस मिनिटं. हे हिने पहिल्याच फेरीत शोधून काढलं. मी समजावलं, की बस काय कोणीही पकडतं. उद्या बाळाला सांगता आलं पाहिजे, की माझे आजोबा शिडाने आले. हिचं म्हणणं, की बाळाला वर्षभर काहीच सांगता येत नाही. मी म्हणालो, कॅप्टन बोट सोडत नसतो. हिने विचारलं, मग कॅप्टनच्या हाताखालची फर्स्ट मेट सोडते का. पुस्तकात बघतो म्हणालो.

८ मार्च

आज आठ. आज धक्क्यावर असणार होतो.

धाकटीचा फोन हिला आला. पाय सुजलेत. आई, तू कधी येतेस, असं तीनदा विचारलं म्हणे. ही फोनवर म्हणाली, बाबांना विचारते. मला विचारलं नाही. नुसतं बघितलं.

होडीवाल्याचा सल्ला: बोटीतलं वजन काढा, बोट दोन बोटं वर येईल, एकोणीसला निघून जाल. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. तरीही यादी केली. खाण्याचे हवाबंद डबे अडुसष्ट. पाण्याची पिंपं दोन. जादा नांगर, साखळीसकट. जादा बॅटऱ्या. माझी लिफ्टची हत्यारपेटी, अठरा किलो. यातलं काहीही काढण्यासारखं नाही. हिने विचारलं, समुद्रात लिफ्ट कुठे भेटणार. वेळ काय सांगून येते, असं मी म्हणालो.

होडीवाल्याने माझं वजन विचारलं. हे जरा वैयक्तिक झालं.

११ मार्च

या दिवसांना होडीवाला भांगाचे दिवस म्हणतो. पाणी धड येत नाही, धड जात नाही. बोट दिवसभर कललेलीच. आम्ही दोघं रात्री उतारावर झोपतो आणि सकाळी मी हिच्या वाटणीच्या जागेत सापडतो. पूर्वी याला प्रेम म्हणायचे. आता ही कोपर मारते.

डोकं छताला आजवर नऊ वेळा आपटलं. पंप उघडला. उघडाच आहे.

आज लिफ्टचे दिवस आठवले. एक मुख्याध्यापिका चार तास अडकल्या होत्या. अडकलेल्यांत दोन तऱ्हा असतात. काही आरडाओरडा करतात. त्यांची चिंता नको. काही आतून शांतपणे सांगतात, मी ठीक आहे, सावकाश या. त्यांना आधी बाहेर काढायचं, कारण ते घाबरून गेलेले असतात. हे गुपित मी लग्नाच्या पहिल्या वर्षी हिला सांगितलं होतं. विसरली असेल.

मी ठीक.

१२ मार्च

काही नाही. चिखल.

१३ मार्च

चोरी. डबे मोजले, एकवीसच भरले. जादा नांगराची साखळी गायब. एक पिंप गायब. ही रोज भरतीला पिशवी घेऊन बाजारात जाते, तेवढ्यात कोणीतरी बोटीवर येत असणार. मी बोटीवरच असतो, पण दुपारी जरा विचार करतो, डोळे मिटून.

संशय होडीवाल्यावर. पहिल्या दिवसापासून त्याचा आमच्या वजनावर डोळा आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, असेल, माणसाचं काही सांगता येत नाही.

उद्यापासून डोळ्यांत तेल घालून पहारा.

१४ मार्च

पहारा दिला. हत्यारपेटी गेली. पेटीवर डोकं ठेवून पहारा देत होतो. जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती.

१५ मार्च

चोर सापडला. होडीवाल्याच्या काठावरच्या शेडमध्ये चहाला गेलो, तर माझं सगळं सामान भिंतीला ओळीने लावलेलं. डब्यांची चळत, पिंप, जादा नांगर, साखळी, पेटी. ही तिथल्याच बाकावर मटार सोलत बसली होती. म्हणाली, बरं झालं आलात, बॅटऱ्या एकटीला उचलवत नाहीत.

सात दिवसांत चौदा खेपा. छोट्या होडीतून, एकटीने, बासष्टाव्या वर्षी. गुडघा दुखतो म्हणून जी घरी जिना चढत नाही, तिने.

बॅटऱ्या पुढच्या भरतीला मी स्वतः आणल्या.

१६ मार्च, सकाळी

होडीवाला काठी घेऊन आला. बोटीच्या अंगावर पाण्याची जुनी रेघ आहे, तिच्या खाली दोन बोटं कोरडी दिसतायत. अडीच, असं ही म्हणाली. म्हणजे एकोणीसला दुपारी बाराचाळीसला आपण मोकळे. मग तीन दिवस समुद्र. बावीसला धाकटी.

फार आनंद झाला. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी: सुरक्षिततेचा विचार करता एक नांगर पुरेसा वाटत नाही. जादा नांगर शेडमधून परत आणला आणि मागच्या बाजूने टाकला. हिने कशाला म्हणून विचारलं. वारा फिरला तर, असं मी सांगितलं. वारा नव्हता.

१८ मार्च

वाळूच्या पट्ट्यापलीकडे लाटांचा आवाज येतो. मध्यमच असतील. ऑम्लेट बंद केलंय. हिने धाकटीला फोन केला, म्हणाली, उद्या निघतोय गं. मग केस धुतले आणि निळी साडी उशाशी काढून ठेवली.

संकल्प: उद्या वेळेवर.

१९ मार्च, दुपारी ४

नोंद शांतपणे करतो.

१२:१५ ला बोट तरंगली. इंजिन पहिल्या फटक्यात चालू. नेमकं आजच. पुढचा नांगर हिने उचलला. होडीवाला वाळूच्या तोंडाशी उभा राहून हात हलवत होता. मागचा नांगर मी उचलायचा होता. तो चिखलात रुतला होता. शिवाय दोराला मी तीच गाठ मारली होती, सहा तारखेची. कात्री हिने पुढे केली. चांगला दोर कापणं मला पटलं नाही. मग मी हातमोजे शोधले. मग चष्मा. मग इंजिनाचं तेल एकदा तपासलेलं बरं म्हणून तपासलं. १:०५ ला गाठ सुटली. तोवर पाणी उतरलं होतं. तांत्रिक कारण.

पुढचं उधाण दोन एप्रिल. तोवर पंपही होईल.

हिने इंजिन बंद केलं. माझ्या शेजारी येऊन बसली, निळ्या साडीत. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण हळूच विचारलं, अहो, किती दिवस ठीक आहात तुम्ही?

मी म्हणालो, म्हणजे काय, मी ठीकच आहे. सावकाश जाऊ.



२० मार्च

ही दीडच्या बसने गेली. पोळ्या करून ठेवल्यात, चार दिवस पुरतील. औषधांची पुडी कपात. जाताना म्हणाली, तुम्हीही चला. खिडकीची जागा तुम्हाला. मी म्हणालो, कॅप्टन बोट सोडत नाही. ही म्हणाली, बरं. होडीवाल्याने हात धरून हिला होडीत घेतलं. मी शिडाची दोरी ओढत होतो, त्यामुळे नीट बघता आलं नाही. शीड लावलेलं नव्हतं.

बोट आता तीन बोटं वर आलीय.

२१ मार्च

आता टेबलावरचा कप सरकत जातो आणि पलीकडे कोणी नसतं. खाली पडतो. दोन फुटले.

इंजिनाशी बोललो. खोकला गेलाय त्याचा. माझा सुरू झाला.

२३ मार्च, संध्याकाळी ५

भरतीला होडीवाला चिठ्ठी घेऊन आला. हिने बस-ड्रायव्हरच्या हाती पाठवलेली. तशीच उतरवून ठेवतो:

“परवा पहाटे मुलगी झाली. दोघी छान. मी पोचले तेव्हा धाकटी दवाखान्याच्या दारातच होती, हात धरला तो बारा तास सोडला नाही. पोळ्या संपल्या असतील. त्या दिवशी बाहेर लाटांत मीही घाबरले होते. सुकाणू हातात होतं म्हणून बोलता आलं नाही. तुम्ही खालून दर पाच मिनिटांनी विचारत होतात, अगं आहेस ना, त्याचाच आधार होता. तुम्ही कसे आहात?”

होडीवाल्याला वाचून दाखवली. शेवटचा भाग वगळून. तो म्हणाला, आजोबा झालात कॅप्टनसाहेब. मग बराच वेळ थांबला, होडी दोरीने धरून. बरोबर येतो असं मला म्हणता आलं असतं. उद्या म्हणालो.

२४ मार्च, सकाळी ९

निर्णय. आज दीडची बस. हा पराभव नव्हे. बस हा केवळ पर्यायी मार्ग. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. निघण्याआधी उघडा पंप जोडणे.

दुपारी १:२०. होडीवाल्याची शेड.

हे पान फाडून पाठवतोय. ड्रायव्हर चहा पितोय, कप संपेपर्यंत वेळ आहे, म्हणून नीट जुळवून लिहिता येणार नाही.

तू विचारलंस, कसा आहे. भरती पाचला, बस दीडला, म्हणून मी चिखलातून चालत निघालो. मधोमध कंबरेपर्यंत गेलो. होडीवाल्याने फळी टाकली आणि आपल्याच नांगराच्या साखळीने मला ओढून काढलं. उजवा बूट आत राहिला. शर्ट कुठला रंग होता ते आता सांगता येत नाही. ड्रायव्हर भला माणूस आहे. म्हणाला, काका, अंघोळ करून या उद्या, असं बसवलं तर बाकीचे उतरतील. त्याने माझ्याकडून नातीबद्दल सगळं ऐकून घेतलं. मला तिच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, ती दोनदा सांगितली.

मी ठीक नाही. चार तारखेपासून नाही. ऑम्लेट चांगलं होतं.

जावईबापूंच्या बुटांचा जुना जोड उद्या सकाळच्या परतीच्या बसने पाठव, आठ नंबर. कुठल्या थांब्यावर उतरायचं, आणि वळणांचा घाट किती आहे, तेही कळव. बाळ कोणासारखं आहे? कप संपला त्याचा. लवकर उत्तर लिही.